जाळ्याच्या गोळ्यांसाठी शिसं कसं निवडावं

नाथसागर, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी. मराठवाड्यातल्या या पाण्यांवर फेकजाळं टाकणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जाळं उघडतं ते हाताच्या सवयीनं, पण तळाला जाऊन बसतं ते घेराच्या शिशामुळे. घेर हलका असेल तर जाळं बसायच्या आतच मासा खालून निघून जातो. गोळी चिरून दोरीवरून गळाली तर तेवढ्या जागेत दार उघडं राहतं. तयार गोळ्या बाजारात मिळतात, पण त्यांत काय काय वितळवलंय हे विकणाऱ्याला बहुधा सांगता येत नाही. म्हणून अनेक जण भंगारातलं शिसं आणून स्वतःच गोळ्या ओततात. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

शिसं घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: कडक घ्यायचं का मऊ? कडक म्हणजे चांगलं, टिकाऊ, असा समज सगळीकडे आहे. फेकजाळ्याच्या बाबतीत तो चुकीचा आहे. गोळी दोरीला कशी बसणार आणि तळाला कशावर आदळणार, यावर मिश्रण ठरतं. हे ठरवण्याआधी भंगारवाल्याकडे जाऊ नका.

आधी गोळीचं काम ठरवा

फेकजाळ्याच्या घेराला लागणारी गोळी बहुतेक वेळा मधे चीर असलेली किंवा पन्हळीसारखी असते. ती दोरीवर ठेवायची आणि पकडीनं किंवा हलक्या हातोडीनं दाबून मिटवायची. या गोळीला शुद्ध, मऊ शिसंच हवं. मिटवताना धातू वाकला पाहिजे, तडकता कामा नये. जाळं फाटलं किंवा दोरी बदलायची झाली की हीच गोळी उघडून पुन्हा वापरता येते, तीही फक्त मऊ शिशाचीच. कडक गोळी एकदा मिटते, दुसऱ्यांदा उघडताना तिचे दोन तुकडे होतात. त्या तुकड्यांच्या धारेनं नायलॉनची दोरी कापली जाते, हे नुकसान वेगळंच.

आरपार भोक असलेली, दोरीत ओवायची गोळी थोडी कडक चालते. तिला वाकायचं नसतं. फार मऊ असेल तर खडकावर घासून भोकाचं तोंड दबतं आणि दोरी अडकते.

आडव्या लावलेल्या जाळ्याच्या टोकांना किंवा लांब दोरीला बांधायचं पाव-अर्धा किलोचं वजन मात्र कडकच बरं. आपल्याकडे गोदावरीचा आणि पूर्णेचा तळ बऱ्याच ठिकाणी काळ्या बेसाल्टचा आहे. त्याच्या कपारींवर आपटून मऊ शिशाची कडी ओरबाडली जाते आणि एक दिवस वजन तळाशीच राहतं.

गळाची छोटी वजनं हा वेगळा विषय आहे. त्यावर माझं मत ठाम आहे, ते पुढे येईलच.

शिशात कोण काय करतं

शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. एका घनसेंटिमीटरचं वजन ११.३४ ग्रॅम भरतं. बोटाच्या नखानं ओरखडा उठावा इतकं ते मऊ असतं. त्याला कडक करणारा मुख्य धातू म्हणजे अँटिमनी. तीन-चार टक्के अँटिमनीनं शिशाचा कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो, पण त्याबरोबर ठिसूळपणाही येतो. वजनही कमी होतं, कारण अँटिमनी शिशापेक्षा बराच हलका आहे.

कथील मिसळलं की शिसं पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचतं आणि ओतीव वस्तू स्वच्छ निघते. कडकपणा त्यानंही थोडा वाढतो, पण अँटिमनीइतका नाही. कथील शिशाच्या कितीतरी पट महाग आहे. साध्या गोळीसाठी मुद्दाम कथील विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही. साचा तापलेला असेल तर शुद्ध शिसंही नीट भरतं. साच्यात बारीक कडी किंवा अक्षर असेल तेवढंच एखादा टक्का कथील उपयोगी पडतं.

जस्त हा खरा शत्रू. थोडंसं जस्त विरघळलं तरी वितळलेलं शिसं ज्वारीच्या आंबिलीसारखं घट्ट होतं, साचा अर्धवट भरतो, गोळीवर सुरकुत्या येतात. एकदा मिसळलेलं जस्त घरच्या साधनांनी काढता येत नाही. म्हणून त्याला भांड्यात जाऊच न देणं हाच उपाय.

अँटिमनी असलेल्या शिशाचा आणखी एक गुण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ओतल्यावर काही दिवस ते हळूहळू कडक होत जातं. त्यात आर्सेनिकचा अंश असेल, आणि गाडीच्या चाकांना लावायच्या बॅलन्सिंगच्या वजनांत तो असतोच, तर साच्यातून गरम गोळी थेट पाण्यात टाकल्यानं ती आणखी कडक होते. म्हणजे मिटवायच्या गोळ्या पाण्यात टाकून गार करायच्या नाहीत, आणि शिशाच्या शुद्धतेची खात्री नसेल तर ओतल्यावर लगेच एक-दोन दिवसांत मिटवून मोकळं व्हायचं. शुद्ध शिशाला यानं काही फरक पडत नाही.

भंगारात काय मिळतं

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड या शहरांतल्या भंगाराच्या दुकानांत शिसं वेगवेगळ्या रूपात येतं. जालन्यात लोखंडाच्या भंगाराचा व्यापार मोठा आहे, त्यातूनही अधूनमधून शिसं वेगळं निघतं.

टेलिफोनच्या जुन्या जमिनीखालच्या केबलचं वेष्टन मऊ शिशाचं असतं, अँटिमनी किंवा कथील असलंच तर अगदी किंचित. ते मिटवायच्या गोळ्यांसाठी उत्तम. क्ष-किरण खोलीच्या भिंतीतून निघालेला पत्रा त्याहून चांगला, तो जवळजवळ शुद्ध असतो. वीजमीटरची शिशाची सीलंही मऊच, फक्त त्यातली तार आणि दोरा वितळताना वर येतो, तो काढून टाकायचा.

टायरच्या दुकानातली बॅलन्सिंगची वजनं सगळ्यांत सहज मिळतात आणि सगळ्यांत जास्त घोळही त्यांतच असतो. पत्र्याची कडी असलेलं, रिमच्या काठाला ठोकायचं जुनं शिशाचं वजन साधारण तीन-चार टक्के अँटिमनीचं असतं. मागं चिकटपट्टी असलेलं वजन शिशाचं असेल तर ते बहुधा मऊ शिशाचं. युरोपीय संघानं नव्या गाड्यांवर शिशाची वजनं २००५पासून बंद केली आणि तेव्हापासून जस्ताची व लोखंडाची वजनं वाढत गेली. आता टायरवाल्याच्या डब्यात तिन्ही मिसळलेली सापडतात. ‘झेडएन’ अक्षरं असलेलं वजन जस्ताचं, ‘एफई’ असलेलं लोखंडाचं. अक्षरं नसतील तर पुढं सांगितलेल्या कसोट्या लावा.

जुन्या छापखान्यांतला टाइपाचा धातू सगळ्यांत कडक. लायनो, म्हणजे छपाईची अख्खी ओळ एकदम ओतणारं यंत्र, त्यावर ओतलेल्या ओळींचा ठरलेला हिशोब म्हणजे ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. हातानं जुळवायच्या सुट्या खिळ्यांत, म्हणजे एकेका अक्षराच्या ठोकळ्यांत, अँटिमनी आणि कथील याहूनही जास्त असतं. हा धातू नुसता ओतून गोळ्या करू नका, त्या पकडीत फुटतील. तो मऊ शिशात थोडा थोडा मिसळायचा मसाला आहे. आणि इथं एक मनापासूनची विनंती. देवनागरीचे सुटे खिळे, त्यातही जोडाक्षरांचे पूर्ण संच हाती लागले तर ते भट्टीत टाकू नका. खिळेजुळाऱ्याचं काम आता उरलेलं नाही, आणि तो संच पुन्हा कुणी ओतणार नाही. एखाद्या महाविद्यालयाला, वाचनालयाला किंवा जुन्या मुद्रकाच्या घरी द्या. झिजलेले, मोडके तुकडे, ओळींमधल्या पट्ट्या, कोरे ठोकळे एवढंच वितळवा. आपल्या कामाला ते पुरतं.

औद्योगिक वसाहतीतून अ‍ॅसिडच्या टाक्यांचं अस्तर म्हणून वापरलेला शिशाचा पत्रा येतो. त्यावर पांढरी भुकटी किंवा खपल्या असतील तर घेऊ नका. ती शिशाचीच संयुगं असतात, हाताळताना उडतात आणि श्वासात जातात.

गाडीची, इन्व्हर्टरची बॅटरी फोडून शिसं काढू नका. बॅटरीत शिशाबरोबर सल्फेटची भुकटी आणि गंधकाम्ल असतं, प्लेटींच्या जाळीत अँटिमनी, कॅल्शियम, कधी आर्सेनिक असतं. त्या प्लेटी वितळवताना निघणारी धूळ घातक, आणि वर आलेल्या मळीला पाणी लागलं तर विषारी वायू सुटू शकतो. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी अधिकृत साखळीतून पुनर्वापराला जायला हवी. ती दुकानदाराला परत द्या, बदल्यात नव्या बॅटरीवर पैसेही कमी होतात. बॅटरी फोडून मिळणारं शिसं स्वस्त दिसतं, पण त्याची किंमत घरातली लहान मुलं मोजतात.

हातातलं शिसं ओळखायचं कसं

पहिली कसोटी चुंबकाची. लोखंड लगेच बाजूला होतं. दुसरी पकडीची: वायर कापायच्या पकडीनं वजनाची कड दाबा. शिशात पकड रुतते, जस्तात ती अडते आणि नुसती खूण उमटते. शंका उरली तर संडास धुण्याच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक थेंब घासून चकचकीत केलेल्या जागेवर टाका. जस्तावर लगेच फेस येतो, शिशावर जवळजवळ काहीच होत नाही. अ‍ॅसिड उघड्यावर, डोळ्यांवर चष्मा लावून वापरायचं आणि तुकडा नंतर धुऊन पूर्ण कोरडा करायचा.

आवाजही बरंच सांगतो. फरशीवर टाकल्यावर मऊ शिसं ‘थप्’ असं बसतं, टाइपाचा धातू आणि जस्त ‘ठण्ण’ वाजतात. कानाला सवय झाली की ढीग चाळताना हात आपोआप वेगळं करत जातो.

कडकपणा मोजायला चित्रकलेच्या पेन्सिली पुरतात. ६बीपासून २एचपर्यंतचा संच घ्या, टोक सपाट घासा आणि मऊ पेन्सिलीपासून सुरुवात करून धातूवर पुढे ढकला. जी पेन्सिल पहिल्यांदा धातूचा पापुद्रा काढेल तो त्याचा कडकपणा. मऊ शिसं ५बी-६बीलाच हार मानतं. टाइपाचा धातू एचच्या आसपास जातो. कंपनीप्रमाणे पेन्सिली थोड्या बदलतात, म्हणून केबलच्या शिशाचा एक तुकडा नमुना म्हणून जवळ ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा.

माझ्या मते सगळ्यांत भरवशाची कसोटी पाण्यातली. स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा वापरायचा, पण तो परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही. वितळवून केलेली साधारण किलोभराची, पोकळी नसलेली वडी आधी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. वडी दोऱ्यानं पाण्यात अशी सोडा की ती पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्या वडीचं आकारमान. नेमक्या एक किलोच्या वडीला शुद्ध शिसं असेल तर ८८ येतील. चाकांच्या वजनांचं मिश्रण असेल तर ९१च्या आसपास, लायनोचा धातू असेल तर ९६-९७. आकडा १००च्या बराच पुढं गेला तर सावध व्हा. निव्वळ जस्ताची वडी १४० दाखवते. कथलाचं प्रमाण जास्त असलं तरीही आकडा वाढतो: ६०-४० सोल्डरची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं असलेल्या डागाच्या धातूची) किलोची वडी ११८च्या जवळ येईल. म्हणून पाण्याचा आकडा आणि पेन्सिलीचा कडकपणा दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा. छोटा तुकडा या कसोटीला घेऊ नका. शे-दोनशे ग्रॅमच्या तुकड्यात एका ग्रॅमची चूकसुद्धा शुद्ध आणि मिश्र यांतला फरक गिळून टाकते.

मिश्रणाचा हिशोब

मिटवायच्या गोळीचा हिशोब नाहीच: केबल, सील किंवा क्ष-किरण पत्र्याचं शिसं जसंच्या तसं.

ओवायच्या गोळीसाठी दोन टक्के अँटिमनी पुरे. एक किलो लायनोचा धातू आणि पाच किलो मऊ शिसं घेतलं की सहा किलोत १२० ग्रॅम अँटिमनी येतं, म्हणजे नेमके दोन टक्के, आणि कथील पाऊण टक्क्याच्या आत राहतं. लायनो नसेल तर चाकांची वजनं आणि मऊ शिसं समसमान घ्या, दीड ते दोन टक्क्यांच्या मधे उतरेल.

अर्ध्या किलोच्या वजनांना चाकांचं शिसं तसंच ओता. ते नसेल तर एक भाग लायनोला तीन भाग मऊ शिसं. यात तीन टक्के अँटिमनी आणि एक टक्का कथील येतं, कपारीत आपटण्यासाठी याहून कडक काही लागत नाही.

साच्यात बारीक तपशील असेल आणि सहा किलो मऊ शिशात एक टक्का कथील हवं असेल तर ६०-४० सोल्डरची शंभर ग्रॅमची कांडी टाका.

मिश्रण बदललं की गोळीचं वजनही बदलतं, आणि ते फेकजाळ्यात जाणवतं. त्रिज्येच्या दर फुटाला साधारण अर्धा किलो शिसं हा चांगला अंदाज आहे. सहा फुटी जाळ्याचा घेर साडेअकरा मीटर होतो. त्यावर तीन किलो शिसं, दर १२ सेंटिमीटरला एक, म्हणजे ९६ गोळ्या, प्रत्येकी ३१ ग्रॅमच्या. त्याच साच्यात लायनोचा धातू ओतला तर गोळी २८ ग्रॅमवर येते आणि घेरातून अडीचशे ग्रॅम वजन गायब होतं. ओढ असलेल्या पाण्यात एवढ्यानं जाळं सरकतं.

वितळवण्याआधी

शिशाचा धोका धुरापेक्षा धुळीत जास्त असतो. शिशाचं तापमान ५०० अंशांच्या खाली ठेवलं तर वाफ फार थोडी होते. पण वरची राखाडी मळी, साच्याजवळचे कण, कानशीचा भुगा हे हाताला, कपड्याला, जमिनीला चिकटतात. तिथून ते तोंडात जातात. तंबाखू मळणाऱ्यानं हे नीट समजून घ्यावं, कारण तळहातावर जे असेल ते चुन्याबरोबर थेट ओठाखाली जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२०च्या अहवालानं जगातल्या सुमारे दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज मांडला. मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून निघत नाही.

म्हणून हे काम घरात, ओसरीवर, चुलीवर, मुलं खेळतात त्या अंगणात करू नका. गरोदर बाई आणि लहान मुलं आसपास नकोत. उघड्यावर, वाऱ्याला पाठ देऊन उभं राहा. पूर्ण बाह्या, जाड चामड्याचे हातमोजे, बंद बूट, चष्मा, धुळीचा चांगला मास्क. काम संपल्यावर साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय पाण्याचा तांब्याही उचलू नका. कपडे वेगळे धुवा. वरचेवर ओतणाऱ्यानं वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी, मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांमार्फत ती होते. आणि गोळी दातानं दाबून मिटवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

भांडं बिडाचं किंवा जाड पोलादाचं, बिनजोडाचं. अ‍ॅल्युमिनियमची कढई तापल्यावर कमकुवत होते, पितळेत जस्त असतं, दोन्ही नकोत. दहा किलो शिसं लिटरभरही जागा घेत नाही. भांडं छोटं दिसतं म्हणून शेगडीचं तिकाटणं हलकं ठेवू नका, दहा किलोच्या भाराखाली ते न डगमगता उभं राहिलं पाहिजे. या कढईत, पळीत पुन्हा कधीही अन्न शिजवायचं नाही. तिला लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा.

पावसाळ्यात ओतू नका. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं उसळून अंगावर येतं. भंगारातला तुकडा, पळी, साचा, सगळं आधी भांड्याच्या काठावर तापवून कोरडं करा. वितळलेल्या शिशात नवा तुकडा टाकायची वेळ आलीच तर तो चिमट्यात धरून वर गरम करून मगच सोडा.

ओतणं

चाकांची वजनं वितळवताना तापमान ३५० ते ३८० अंशांत ठेवा. शिशाचं मिश्रण त्याआधीच वितळतं, जस्ताला ४१९ लागतात. नजर चुकवून आलेलं जस्त घन राहून वर तरंगतं, लोखंडाच्या कड्याही वर येतात. ते झाऱ्यानं लगेच काढा, कारण गरम शिशात रेंगाळत ठेवलेलं जस्त न वितळताही थोडं थोडं विरघळत जातं. तापमान मोजायला दांडीचा थर्मोकपल घ्या. लांबून रोखायचा इन्फ्रारेड तापमापक चकाकत्या धातूवर खोटा आकडा दाखवतो. काहीच नसेल तर शुद्ध शिशाकडे बघा: पृष्ठभागावर सोनेरी, मग जांभळट-निळी छटा धरू लागली की फार तापलंय.

सगळं वितळल्यावर बोराएवढा मेणाचा तुकडा टाकून ढवळा. धूर येईल, तो पेटेल, चेहरा दूर ठेवा. मेणामुळे वर आलेल्या ऑक्साइडमधलं कथील पुन्हा धातूत जातं आणि खरी घाण वेगळी होते. मेण न टाकता वरची राखाडी साय काढून फेकणारे मिश्रणातलं कथील आणि अँटिमनीच फेकत असतात.

साचा लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा शंखजिऱ्याच्या दगडाचा चालतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा वरून कोरडा दिसला तरी आत पाणी धरून असतो, मी तो सुचवणार नाही. आतल्या बाजूला मेणबत्तीची काजळी धरा, गोळी सुटी निघते. साचा तापवा आणि ४०० अंशांच्या आसपास ओतायला लागा. सुरुवातीच्या गोळ्यांवर सुरकुत्या येतील, त्या परत भांड्यात. सुरकुत्या म्हणजे साचा गार किंवा तेलकट. उलट गोळी पांढुरकी, दाणेदार दिसली तर साचा जास्त तापलाय, थोडं थांबा. शिसं गोठताना आकसतं, म्हणून तोंडाशी थोडं जास्त ओता. नाहीतर तोंडातून खड्डा आत जातो आणि गोळी हलकी भरते.

सगळ्या गोळ्या ओतण्याआधी पहिल्या चांगल्या गोळीवर एक चाचणी करा. ती दोरीवर मिटवा, उघडा, पुन्हा मिटवा. घडीवर चीर दिसली तर भांड्यात मऊ शिसं वाढवा आणि परत बघा. ही एकच चाचणी पेन्सिल आणि काटा दोघांपेक्षा खरं बोलते, कारण जाळ्यात गोळीला हेच सोसायचं असतं.

लहान वजनं आणि पक्षी

गळाला लावायची पाच-दहा ग्रॅमची शिशाची वजनं ओतू नका, असं मी सांगेन. तुटलेल्या दोरीबरोबर ती काठच्या चिखलात राहतात. बदकं आणि पाणथळीतले इतर पक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, त्यात हे शिसंही जातं. पोटातल्या दळणयंत्रात ते घासलं जातं, विरघळतं आणि पक्षी विषबाधेनं मरतो. ब्रिटनमध्ये हंस असे मरू लागले तेव्हा १९८७मध्ये गळाच्या २८ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. आपला नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथं रोहित आणि बाहेरची बदकं उतरतात. गळासाठी लोखंडी नट, भोक पाडलेला दगड किंवा भाजलेल्या मातीचा मणी वापरा. मातीचे मणी शिशाच्या कितीतरी आधीपासून जाळ्याला लागत आले आहेत. फेकजाळ्याच्या गोळ्या दोरीला घट्ट असतात आणि जाळ्याबरोबर घरी येतात, तरी जुनं जाळं काठावर टाकून देताना घेराचं शिसं काढून घ्या.

उरलेली मळी ओल्या फडक्यानं गोळा करून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि शिसं घेणाऱ्या अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्या. उकिरड्यावर, शेतात किंवा विहिरीजवळ ती पडता कामा नये. जागा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. उरलेल्या शिशाच्या वड्या करा आणि गार झाल्यावर प्रत्येकीवर ठशानं खूण ठोका: मऊ शिशाला ‘म’, चाकांच्या शिशाला ‘चा’, लायनोच्या धातूला ‘ला’. शेजारी पाण्यातल्या कसोटीचा आकडाही ठोका. पुढच्या वेळी भांड्यात काय पडतंय हे वडी हातात घेताच कळेल.